खळ्यावर आखलेली ५१ फुटी बोट : शिडाच्या एका मोठ्या बोटीची पारख

सारंगखेड्याच्या यात्रेत जाणता माणूस दावणीला बांधलेल्या घोड्याचा भाव बोलत नाही. आधी घोडा सोडायला लावतो, चालवून-पळवून बघतो, रेवाल चालीत पाठ किती हलते ते निरखतो, आणि मग रुमालाखाली हात घालतो. गेल्या जानेवारीत नानांनी कोचीच्या एका शिडाच्या बोटीचे चाळीसेक फोटो पाठवले, तेव्हा मला यात्रेतला हा रिवाज आठवला. सगळ्या फोटोंत बोट धक्क्याला बांधलेली होती. पांढरेशुभ्र सोफे, टेबलावर फळांची परडी, पुढच्या खोलीत दुहेरी पलंग. शीड एकाही फोटोत उघडलेले नव्हते.

नाना माझे चुलतभाऊ, वय ५८. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला नळ्यांचा कारखाना मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेत. वहिनी ५४ वर्षांच्या. दोघांनी मुंबईत शिडाच्या बोटीचे रीतसर शिक्षण घेतले आणि ग्रीसमध्ये तीनदा ४० फुटी बोट भाड्याने घेऊन आठ-आठ दिवस फिरून आले. मी मालवाहू जहाजांवर इंजिनिअर म्हणून २२ वर्षे काढली, हौसेने शिडाच्या बोटींवरही बरेच मैल केले, आणि आता फैजपूरजवळ केळी करतो. घराण्यात समुद्रावर नोकरी केलेला मी एकटाच, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. नानांनी तो एका वाक्यात विचारला : "ही बोट आरामाची आहे का, आणि पळते का?"

त्या एका वाक्याचे उत्तर द्यायला अडीच महिने लागले. कसे लागले ते सगळे इथे लिहितो, कारण मराठीत अशा पारखीबद्दल वाचायला फारसे मिळत नाही आणि पैसा मोठा अडकतो.

कागदावरची बोट

बोट सहा वर्षांची, युरोपातल्या कारखान्यात साच्यातून निघालेली, फायबरग्लासची. कारखान्याचे आणि मॉडेलचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे दोष येतील ते त्या एका बोटीचे आहेत. लांबी १५.५ मीटर, पाण्याच्या रेषेवरची लांबी १४.२ मीटर, रुंदी ४.७ मीटर, कील, म्हणजे पोटाखालचा वजनदार पंखा, धरून पाण्याखालची खोली २.३ मीटर. रिकामे वजन १४ टन, त्यातले ४ टन कीलमध्ये. मोठे शीड आणि पुढचे शीड मिळून ११० चौरस मीटर.

हल्लीच्या मोठ्या फिरस्ती बोटींचा घाट असाच असतो. पुढचे टोक सरळ उभे, त्यामुळे पाण्यावरची लांबी जास्त. रुंदी मध्यापासून मागच्या टोकापर्यंत जवळपास तशीच, त्यामुळे मागे दोन मोठ्या खोल्या आणि वर ओसरीसारखे कॉकपिट, म्हणजे चाकापाशी बसायची उघडी जागा. सुकाणूची चाके दोन आणि पाण्याखालची पातीही दोन, कारण एवढी रुंद पाठ कलली की मधले एकच पाते पाण्याबाहेर उचलले जाते. पुढचे शीड स्वतःहून बाजू बदलणारे. मोठे शीड डोलकाठीच्या पोटात गुंडाळले जाणारे, म्हणजे डेकवर न जाता कॉकपिटमधून दोरी ओढून कमी-जास्त करता येते.

आकडे मांडले. शिडाचे क्षेत्रफळ भागिले बोटीच्या वजनाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या घनमीटरांचा दोन-तृतीयांश घात, हे गुणोत्तर रिकाम्या बोटीला १९.२ येते. फिरस्ती बोटीला १६ ते २० हा नेहमीचा पट्टा, तेव्हा ही त्यात वरच्या अंगाला, चपळ. लांबीच्या मानाने वजन मोजणारे गुणोत्तर १३६, म्हणजे हलकी. पाण्यावरच्या लांबीवरून निघणारा वेग सुमारे ९.१ नॉट, म्हणजे ताशी ९.१ सागरी मैल. आणि बोटींचे आरेखक टेड ब्रूअर यांनी सुचवलेले हालचालीच्या आरामाचे गुणोत्तर २६. त्यात ३०च्या खाली किनाऱ्याची बोट आणि ४०च्या आसपास महासागराची जड बोट, असे ढोबळ मोजमाप आहे.

पण घरसंसार घेऊन निघालेली बोट रिकामी नसते. ६०० लिटर पाणी, ४०० लिटर डिझेल, ८० मीटर साखळी, बॅटऱ्या, दोन एसी, रबरी होडी आणि तिचे इंजिन, कपडे, धान्य, माणसे. मी तीन टन धरले आणि १७ टनांवर तेच आकडे पुन्हा काढले. शिडाचे गुणोत्तर १९.२ वरून १६.९ वर आले. आरामाचे गुणोत्तर मात्र २६ वरून ३१ झाले. सामान भरले की बोट मंद होते आणि कागदावर जास्त आरामाची ठरते! हा आकडा फक्त वजन, लांबी आणि रुंदी बघतो. तळाचा घाट त्यात कुठेच नाही, आणि लाटेवर आपटायचे की कापत जायचे ते घाटावर ठरते. तेव्हापासून नानांना मी हे गुणोत्तर दाखवणेच बंद केले.

स्थैर्याच्या कागदावर मात्र मी बराच वेळ घालवला. कलत कलत बोट कोणत्या कोनापर्यंत स्वतःहून परत उभी राहते, तो कोन ११२ अंश दिला होता. युरोपी वर्गीकरणातल्या सर्वात वरच्या 'अ' वर्गाला, १४ टनांच्या बोटीसाठी सुमारे १०२ अंश लागतात. म्हणजे पास, पण फार हातचे राखून नाही. रुंद बोट सुरुवातीला ताठ उभी राहते, ही तिची गंमत. तिचा खरा आधार रुंदी असतो, कीलचे वजन त्यामानाने कमी, २८-२९ टक्के.

इथे माझा एक कल सांगायला हवा. माझ्या डोळ्यांसमोर चांगली बोट म्हणजे 'म्हादेई'. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली, ५६ फुटी, सुमारे २३ टनांची. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच कुठेही न थांबता केली. त्या घडणीची, पोटात वजन असलेली, लाट कापत जाणारी बोट मला मनापासून आवडते. नानांची बोट मी पहिल्या आठवड्यातच मनातून नापास केली होती.

तास मोजले तेव्हा

माझे मत हलले ते एका साध्या हिशोबाने. नानांचा बेत असा : नोव्हेंबर ते मार्च बोटीवर राहायचे, साधारण १५० दिवस. कोचीहून गोवा, पुढे कोकण किनाऱ्याने मुंबई, तसेच परत. परवानग्या मिळाल्या तर एकदा लक्षद्वीप. पावसाळ्यात बोट बाहेर काढून ठेवायची आणि आपण जळगावला. कोची ते गोवा साडेतीनशे सागरी मैलांच्या आसपास, गोवा ते मुंबई सव्वादोनशे, दोन्ही दुप्पट, आणि लक्षद्वीपचे जाऊन-येऊन साडेचारशे. एकूण सोळाशे धरा. ६ नॉटने २६७ तास. १५० दिवसांचे तास ३,६००. शंभरातले साडेसात तास बोट चालणार, उरलेले साडेब्याण्णव तास नांगरावर किंवा धक्क्याला.

मी ज्या बोटीवर जीव टाकतो ती शंभरातल्या नव्वद तास चालणाऱ्या माणसाची बोट आहे. नाना-वहिनींना मुख्यतः उभ्या बोटीत राहायचे होते. पलंग, उजेड, हवा, स्नानघर, मागे पाण्यात उतरायची पायरी, याला नावे ठेवायचा मला अधिकार नव्हता.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. या २६७ तासांतली एक रात्र वाईट गेली, वहिनी पडल्या किंवा दोघांना धड झोप मिळाली नाही, तर सगळा बेतच बुडतो. म्हणून मी ठरवले : नांगरावरचा आराम वहिनींनी तपासायचा, त्यांचा शब्द अखेरचा. चालत्या बोटीतला आराम आणि वेग मी तपासणार, आणि तो वेगवेगळ्या रकान्यांत न लिहिता एकत्र.

आणखी एक गोष्ट याच हिशोबातून निघाली. आपल्या पश्चिम किनाऱ्याला हिवाळ्यात दुपारी वायव्येकडून खारे वारे बऱ्यापैकी येतात, रात्री-पहाटे जमिनीकडून हलके मतलई. वादळाला तोंड देण्यापेक्षा पाच-सात नॉटच्या झुळुकीत चालण्याचे काम जास्त. अशा वाऱ्यात जड बोट थांबते, इंजिन लावावे लागते, आणि रात्रभर इंजिन चालले की आराम संपला. म्हणजे हलकेपणा, ज्याच्यावर मी नाक मुरडत होतो, तो या किनाऱ्यावर आरामाचाच भाग होता.

खळ्यावर

कोचीला जाण्याआधी मी नाना-वहिनींना मळ्यात बोलावले. खळे रिकामे होते. कारखान्याचा आराखडा घेऊन मी आणि सालदाराने फक्कीने पूर्ण मापाची बोट आखली : साडेपंधरा मीटर लांब, पावणेपाच मीटर रुंद. खोल्या, पलंग, ओटा, जिना, सगळे. डोलकाठीच्या जागी केळीच्या घडाला टेका देतात तो बांबू रोवला.

आराखड्यात जे कळत नाही ते पायांना कळते. वहिनी जिन्यावरून 'उतरल्या', स्वयंपाकाच्या ओट्याकडे निघाल्या आणि मधे थांबल्या. "भाऊजी, इथे धरायला काय आहे?" काही नव्हते. जिन्याच्या कठड्यापासून पुढच्या धरण्याजोग्या वस्तूपर्यंत मी दोरीने मोजले, दोन मीटर दहा. फोटोत जो प्रशस्तपणा दिसत होता तो हाच. धक्क्यावर ती मोकळी जागा, कललेल्या बोटीत ती पडायची जागा. ग्रीसमधल्या ४० फुटी बोटीत हात लांबवला की भिंत लागायची, म्हणून तिथे हा प्रश्न कधी आलाच नव्हता. मोठ्या बोटीचा हा दोष लहान बोटीवर शिकलेल्याला ओळखू येत नाही.

मग बाज. ओसरीतल्या एका बाजेच्या एका अंगाचे दोन्ही पाय मी तीन-तीन विटांवर चढवले. बाज ९० सेंटीमीटर रुंद, तीन विटांची उंची साडेबावीस सेंटीमीटर, म्हणजे कल जवळपास १५ अंश. बोट वाऱ्याला लागली की एवढा कल तासन्‌तास असतो. वहिनींनी स्वतःहून रात्रभर त्यावर झोपायचे ठरवले. पहिल्या तासात तीनदा घसरल्या. बाराच्या सुमारास उठून त्यांनी बाज ओढली, उताराची बाजू भिंतीला लावली, फटीत गोधडीची वळकटी घातली, आणि पाचपर्यंत झोपल्या. सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "उताराला भिंत असली की झोप लागते. आता सांगा, त्या मोठ्या पलंगाला भिंत कुठंय?"

त्या मोठ्या पलंगाला, पुढच्या मालकाच्या खोलीतल्या, दोन्ही बाजूंनी चालायला वाट होती. मागच्या दोन खोल्यांतले पलंग मात्र एका अंगाने बोटीच्या पोटाला लागून होते. समुद्रात झोपायची जागा आमच्या ओसरीत ठरली.

समुद्रावर

फेब्रुवारीत तिघे कोचीला गेलो. करारात दोन दिवसांची चाचणी मी मुद्दाम मागितली होती, पहिली पहाटे मतलई वाऱ्यात, दुसरी दुपारी खाऱ्या वाऱ्यात. एका तासाच्या फेरीत बोट फक्त हसून दाखवते.

पहाटे वारा ६ ते ७ नॉट. स्वतः बाजू बदलणाऱ्या छोट्या पुढच्या शिडावर वेग ३.६ नॉट. मालकाकडे हलक्या वाऱ्याचे मोठे शीड होते, तेही पुढे गुंडाळलेले. ते उघडल्यावर ५.३. शांत पाणी, इंजिन बंद, पाण्याची सळसळ तेवढी. नाना काही बोलले नाहीत, पण चाक सोडायला तयार नव्हते. किंमत बोलताना हे शीड बोटीसोबत आलेच पाहिजे, असे मी तिथेच वहीत लिहिले. त्याच्याशिवाय या किनाऱ्यावर बोट अर्धा वेळ इंजिनवर जाईल.

दुपारी वारा १२ नॉटवर आला. वाऱ्याच्या तोंडी, ५० अंशांवर ६.७ नॉट. कारखान्याच्या तक्त्यात तिथे साडेसात लिहिले होते. तक्ता स्वच्छ तळाच्या, रिकाम्या बोटीचा असतो. आमच्या बोटीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले होते, आणि डोलकाठीत गुंडाळायच्या शिडाची मागची कड आत वळलेली असते, आडव्या पट्ट्या नसतात, त्यामुळे क्षेत्रफळ आणि आकार दोन्ही कमी पडतात. पाऊण नॉटचा फरक मला खटकला नाही. वारा आडवा घेतला तेव्हा १४ नॉट वाऱ्यात ८.२ मिळाले, दोन्ही दिशांनी जाऊन सरासरी काढलेले, म्हणजे प्रवाहाचा खोटेपणा नाही.

खरी चाचणी तीनच्या पुढे. वारा १८ नॉट, मीटरभर उंचीच्या आखूड लाटा. पूर्ण शिडावर कल २४ अंश. वाऱ्याकडचे पाते पाण्याबाहेर, दुसरे घट्ट धरून, चाक बोटाने फिरत होते. दोन पात्यांची रचना तिथे मनापासून पटली. मात्र पुढच्या सपाट तळाचा आवाज वाईट होता. दर आठ-दहा लाटांमागे एक आपटणी, खालची भांडी खणखणायची. माझ्या म्हादेई-प्रेमाला पुरावा मिळाला असे वाटून मी जरा सुखावलोही.

मग मोठे शीड एक टप्पा आखडले. मोठ्या शिडाचा पाचवा हिस्सा आत. कल १६ अंशांवर आला, आपटणी निम्म्याहून कमी झाली, आणि वेग ७.१ वरून ६.९. दोन दशांश नॉट देऊन बोट राहण्याजोगी झाली. मी दोनदा शीड सोडून, आखडून पाहिले, तेच. रुंद आणि हलकी बोट कलून पळत नाही. ती सपाट ठेवली तरच पळते, आणि सपाट ठेवली की आरामही मिळतो. नानांच्या प्रश्नातला 'आणि' त्या दुपारी गळून पडला. शीड किती सहज आणि किती लवकर आखडता येते, हीच या बोटीच्या आरामाचीही आणि वेगाचीही किल्ली होती.

डोलकाठीत गुंडाळणाऱ्या शिडाबद्दल माझे मत इथे बदलले. वाऱ्यावर चढताना ते थोडे मागे पाडते, हे खरे. पण ५८ आणि ५४ वर्षांच्या दोन माणसांनी रात्री दोन वाजता डेकवर न जाता एक मिनिटात शीड कमी करणे, याची किंमत त्या पाऊण नॉटपेक्षा फार मोठी आहे.

अट एकच. हे सगळे विजेच्या विंचवर, म्हणजे दोरी ओढायच्या चक्रावर, चालते, आणि वीज जाते. म्हणून मी बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला आणि वहिनींच्या हातात विंचचा दांडा दिला. पूर्ण शीड हाताने आत घ्यायला त्यांना ११ मिनिटे लागली, मधे दोनदा थांबून. झाले, पण १८ नॉटमध्ये. आमचा नियम तिथेच ठरला : १५ नॉटला पहिला टप्पा आत, नाना कितीही रंगात असोत. नाना लगेच हो म्हणाले.

आत काय चालले होते

बोट चालू असताना खाली जाऊन बसणे हा पारखीचा अर्धा भाग आहे आणि बहुतेक खरेदीदार तो करतच नाहीत. कॉकपिटमधले वारे आणि उन्ह सगळ्यांना आवडते.

नाना पुढच्या खोलीत आडवे झाले. वीस मिनिटांत पांढरेफटक होऊन वर आले. तिथली उचल मी घड्याळाने मोजली, पाच सेकंदांत एक वर-खाली. माणसाच्या पोटाला हीच गती सर्वात जास्त ढवळते, पाच-सहा सेकंदांची. फार जलद धक्के त्रास देतात पण ओकारी आणत नाहीत. फार संथ डोलणे चालून जाते. पुढच्या टोकाला ही उचल सर्वाधिक, मध्याच्या थोडे मागे सर्वात कमी. वहिनी त्याच वेळी मागच्या डाव्या खोलीत बोटीच्या पोटाला पाठ लावून झोपून होत्या, आणि खरोखर डुलकी लागली होती.

स्वयंपाकघर त्यांनी स्वतः तपासले. शेगडी झुलती होती, भांडे धरायचे चिमटे ठीक. चहा झाला, खिचडी झाली. मग घरून आणलेले कळण्याचे पीठ काढले. ओट्यासमोर उभ्या राहिल्या, एका हाताने गोळा घेतला, बोट कलली, दुसरा हात कठड्याला गेला. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच. "भाकरीला दोन्ही हात लागतात," त्या म्हणाल्या, "कंबर टेकायला काही असतं तर जमलं असतं." जुन्या घाटाच्या बोटीत ओटा यू आकाराचा आणि अरुंद असतो, त्यात माणूस खोबणीत बसल्यासारखा अडकतो, दोन्ही हात मोकळे राहतात. इथे ओटा सरळ, समोर मोकळी जागा. मी कमरेच्या उंचीवर दोन कड्या कुठे ठोकता येतील ते पाहिले, त्यांत जाड पट्टा अडकवून मागे टेकता येईल. फर्निचरखाली पक्का आधार सापडला. चार हजार रुपयांचेही काम नाही, पण त्याच्याशिवाय ही बोट चालताना स्वयंपाकाची नाही.

रात्र नांगरावर काढली. वहिनींचा अहवाल : पुढची खोली उत्तम, उजेड, हवा, स्नानघर सगळे पसंत. मागच्या खोल्यांत मात्र जवळून फेरीबोट गेली की सपाट पाठीखाली पाणी थाडथाड आपटते, झोपमोड होते. म्हणजे नांगरावर पुढे झोपायचे, प्रवासात मागे. घरात हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची झोपायची जागा वेगळी असतेच की.

उकाड्याचे मात्र मला समाधान झाले नाही. आपण भुसावळ-जळगावचे लोक, चाळिशीपार उन्ह अंगावर घेतलेले. धाब्याच्या घरात मातीचे जाड छप्पर आणि वर झरोका, त्याने दुपार निभते. या बोटीच्या पोटाला लांबलचक काचा होत्या, बाहेरचे पाणी डोळ्यांच्या पातळीवर दिसते, सुंदर. पण त्या उघडत नाहीत, आणि ऊन आत घेतात. दुपारी तीनला एसी बंद असताना आत ३६ अंश. उघडणारी झडपे डेकवर आठ, त्यांतली वाऱ्याकडे तोंड करणारी दोनच. लिथियम बॅटरीत सुमारे ५ युनिट वीज, एक एसी तासाला एक युनिट खातो, फ्रिज वेगळा. चार तासांत संपले. सौर पॅनेल एकही नाही. पूर्ण लांबीचे कापडी छत, मागच्या कमानीवर पॅनेल आणि प्रत्येक झडपेला वारा पकडणारी कापडी चोंगी, हे तीन खर्च मी हिशोबात धरले.

कील

बोट पाण्याबाहेर काढली तेव्हा सर्वेक्षकासोबत मी स्वतः हातोडी घेऊन फिरलो. २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये 'चीकी रफिकी' नावाच्या बोटीची कील गळून पडली आणि चार माणसे गेली. आधी तळ घासण्याचे प्रसंग, त्यांची दुरुस्ती, आणि आतल्या बरगड्यांची जाळी पोटापासून सुटत जाणे, हे त्या चौकशीत पुढे आले होते. बोल्टने जोडलेली कील आणि चिकटवलेली जाळी असलेल्या प्रत्येक बोटीला हा प्रश्न विचारावाच लागतो.

कीलच्या मागच्या टोकाशी, पोटाला जिथे जोड येतो तिथे, केसाएवढी रेघ होती. आत सलूनच्या, म्हणजे मधल्या बैठकीच्या, जमिनीच्या फळ्या उचलल्या. कीलच्या मागची जाळीची दुसरी आणि तिसरी बरगडी हातोडीने ठोकली की बाकीच्यांसारखी टणक वाजत नव्हती, पोकळ बोलत होती. पुढून तळ आपटला की कील मागच्या टोकाने वर रेटते, म्हणून खूण तिथे उमटते. मालकाने सुरुवातीला सांगितले होते की बोट कधीच टेकली नाही. आता म्हणाले, एकदा वाळूत हलकेच टेकली होती. मला त्यांचा राग आला, तो दाखवलाही. दोन माणसे त्या जोडावर जीव टाकून झोपणार होती.

आमची अट लेखी दिली : कील पूर्ण उतरवायची, प्रत्येक बोल्ट पाहायचा, सुटलेल्या बरगड्या खरवडून पुन्हा चिकटवायच्या आणि लेप चढवायचा, खर्च मालकाचा, आणि काम सर्वेक्षकाच्या डोळ्यांसमोर. तीन आठवडे उत्तर आले नाही. नाना अस्वस्थ होते, दुसरा गिऱ्हाईक घेऊन जाईल म्हणून. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या गेली तर." मग होकार आला.

मी दिलेला शेरा

नानांना मी दोन पानांचा कागद दिला, त्यातला मुद्द्याचा भाग इतकाच. हिवाळ्यातला पश्चिम किनारा, दोन माणसे, वर्षाला दीड-दोन हजार मैल, या कामाला बोट योग्य. पावसाळ्यात किंवा दक्षिण महासागराकडे ती न्यायची मनात असेल तर माझी संमती नाही. २.३ मीटर खोलीमुळे कोकणातल्या वाळूचे तोंड असलेल्या बऱ्याच खाड्या बंद, तिथे भरती बघूनही जायचे नाही, कारण हा जोड एकदा दुखावलेला आहे. विजयदुर्ग, जयगडसारखी खोल आसऱ्याची ठिकाणे धरून मुक्काम आखायचे. कपडे धुण्याचे यंत्र आणि दुसरा एसी काढून टाकायचा. सलूनमध्ये छतापासून जमिनीपर्यंत एक दांडा उभा करायचा, त्या दोन मीटर दहाच्या मधोमध. मागच्या खोल्यांच्या पलंगांना उघड्या बाजूने कापडी पडदी शिवायची, गोधडीच्या वळकटीचे काम करणारी.

सीमाशुल्क आणि नोंदणी वकिलाकडे आहे, त्यात मी पडलो नाही.

कील एप्रिलमध्ये उतरली. बोल्ट स्वच्छ निघाले, एकाच्या मानेला गंज होता, तो बदलला. बरगड्या दोन सांगितल्या होत्या, उघडल्यावर तीन निघाल्या. काम पुरे व्हायला मे संपला, पाऊस तोंडावर आला, म्हणून बोट तिथेच आडोशाला ठेवली आहे. नानांनी दांडा जळगावातच करून घेतला, स्टेनलेस स्टीलचा, आणि माप घ्यायला ते पुन्हा मळ्यात आले. खळ्यावरची फक्की तोवर पुसट झाली होती. जिन्याची आणि ओट्याची रेघ मात्र दिसत होती, तिच्यावरूनच त्यांनी टेप लावला.